पडद्याचं विचारा : मळका टँकर, लाल गाडी आणि अर्धी रंगवलेली काच

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की टीव्हीसाठी, थोड्या पैशांत आणि घाईत काढलेले काही साहसपट मला थिएटरातल्या मोठ्या सिनेमांपेक्षा जवळचे वाटतात. त्यावर पत्रं आली. काहींनी माझी बाजू घेतली, काहींनी जाब विचारला. त्यातली चार इथे घेते आहे. पहिल्या पत्राला जागा सगळ्यात जास्त दिली आहे, कारण त्यातला प्रश्न तीस वर्षं एडिटिंग टेबलावर बसूनही मला कुणी विचारला नव्हता.

प्रश्न : मी एसटीत चालक होतो. कराड-चिपळूण मार्गावर कुंभार्ली घाटात बरीच वर्षं गाडी काढली. दिवाळीत नातवाने मोबाइलवर ‘ड्युएल’ नावाचा इंग्रजी सिनेमा दाखवला. एक माणूस मोटारीतून चाललाय आणि एक जुना टँकर त्याच्या जिवावर उठलाय, एवढीच गोष्ट. भाषा फारशी कळली नाही, तरी जागचा हललो नाही. पण एक खटकलं. इतका जुना आणि अवजड टँकर मोटारीच्या मागे असा पळूच शकत नाही, चढाला तर नाहीच नाही. हे मला ठाऊक असताना माझ्या तळहाताला घाम का आला? (निवृत्त चालक, कराड)

उत्तर : दादा, चढाबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते सिनेमालाही ठाऊक आहे. भाषेमुळे एक वाक्य तुमच्याकडून निसटलं असेल. शेवटच्या भागात रस्ता डोंगर चढू लागतो, तेव्हा मोटारवाला डेव्हिड मॅन उत्साहाने ओरडतो की चढाला तू मला हरवू शकत नाहीस. आणि टँकर खरोखरच मागे पडतो. घाटात तुम्ही जे रोज पाहिलंत तेच. मॅनचा घात होतो तो टँकरच्या वेगामुळे नाही, रेडिएटरच्या होज पाइपमुळे.

ही होज पाइपची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण या सिनेमावर माझा जीव जडला तो तिथे. सुरुवातीला मॅन पेट्रोल भरायला थांबतो. पंपावरचा माणूस बॉनेट उघडून बघतो आणि म्हणतो, होज बदलायला झालाय. मॅनला वाटतं, हा आपला धंदा वाढवतोय. नंतर बघू म्हणतो आणि निघतो. झालं. पुढे तासभर त्या होजचं नाव कुणी काढत नाही. टँकर मागे लागतो, मॅन रस्त्याबाहेर फेकला जातो, हॉटेलात जाऊन थरथरत बसतो, सापांच्या पेट्या ठेवलेल्या एका पंपावर फोन करायला जातो तर टँकर फोनचा खोकाच उडवतो. आपण होज विसरून गेलेले असतो. आणि मग तो चढ येतो. मॅन पुढे निघून जातो, आपला जीव भांड्यात पडतो, आणि तेवढ्यात बॉनेटमधून वाफ येते. वेग उतरायला लागतो. मॅन गाडीची अक्षरशः विनवणी करतो. माथा समोर दिसतोय, मागून टँकर एकाच चालीने वर येतोय. कशीबशी गाडी माथ्यावर पोचते आणि पलीकडच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली जाते. तिथे तुमच्या तोंडून नातवाला काहीतरी सूचना गेली असणार, याची मला खात्री आहे.

मोठ्या खर्चाच्या सिनेमात इथे पूल उडवला असता, नाहीतर हेलिकॉप्टर आणलं असतं. इथे एक रबरी नळी फुटते. ती फुटणार हे आपल्याला आधी सांगितलेलं होतं आणि आपणही मॅनसारखंच ‘नंतर बघू’ म्हटलं होतं. तुम्ही रोज सकाळी डेपोतून निघताना पाणी, तेल, पट्टा, टायर बघत आलात. तळहाताला घाम फुटायला तुमच्यापेक्षा योग्य प्रेक्षक त्या सिनेमाला मिळाला नसता.

आता सपाटीवरच्या वेगाचं बघू. तो टँकर ओढणारा ट्रक पीटरबिल्ट कंपनीचा, 1955 सालचा. पडद्यावर तो जितका पळताना दिसतो तितका पळत नव्हता, हे तुमच्या डोळ्याने ओळखलंच. युक्ती कॅमेऱ्याची आहे. कॅमेरा रस्त्यालगत, अगदी खाली लावला की डांबर आणि पांढरे पट्टे भिंतीसारखे अंगावर येतात. आणि गाडीच्या पलीकडे लांबची टेकडी न ठेवता जवळचा खडक ठेवला की तो खडक सपकन मागे पळतो. तुम्ही हे अनुभवलेलं आहे. माळावर ज्या वेगाला गाडी रेंगाळल्यासारखी वाटते, त्याच वेगाला घाटातल्या दरडीच्या कडेने प्रवासी दांडी घट्ट धरतात. लॉस एंजलिसच्या उत्तरेला सोलेदाद कॅन्यन आणि सिएरा हायवेच्या बाजूला असे खडकाळ, वळणाचे रस्ते आहेत. चित्रण तिथे झालं. मोटार लाल रंगाची घेतली ती त्या तपकिरी डोंगरात उठून दिसावी म्हणून.

पैशांचा हिशेब सांगते. हा सिनेमा अमेरिकेच्या एबीसी वाहिनीसाठी होता. 13 नोव्हेंबर 1971 च्या शनिवारी रात्री तो दाखवला गेला. वाहिनीची वेळ दीड तासाची, त्यातून जाहिराती वजा जाता सिनेमा सुमारे 74 मिनिटांचा. खर्च साधारण साडेचार लाख डॉलर. चित्रणाला दहा दिवस दिलेले होते, प्रत्यक्षात दोन-तीन दिवस जास्त लागले. सप्टेंबरच्या मध्यावर चित्रण सुरू झालं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर सिनेमा लोकांच्या घरात होता. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही तारीख वाचूनच धाप लागते. फ्रँक मॉरिस यांनी तो संकलित केला आहे. पाठलागाच्या त्या शेकडो तुकड्यांना इतक्या थोड्या दिवसांत जागच्या जागी बसवणं काय असतं ते मला माहीत आहे.

दहा दिवसांत बाहेर रस्त्यावर हे होणार नाही असं स्टुडिओतल्या लोकांचं म्हणणं होतं. मोटारीतले प्रसंग स्टुडिओत घ्या, असं ते सांगत होते. म्हणजे मोटार जागेवर उभी आणि मागे पडद्यावर रस्ता पळतोय. आपल्या जुन्या हिंदी सिनेमांत नायक असं स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत गाणं म्हणतो आणि मागचा रस्ता मात्र सरळ असतो, ते आठवा. दिग्दर्शकाने नकार दिला. त्याने सगळ्या मार्गाचा वरून पाहिल्यासारखा एक लांबलचक नकाशा काढून घेतला आणि मोटेलच्या खोलीत भिंतींवर गुंडाळून लावला. कुठल्या वळणावर काय घडतं, कॅमेरा कुठे उभा राहणार, सगळं त्या नकाशावर. झालेला भाग खोडायचा, उरलेला दिसत राहायचा. तुमच्या ड्युटी चार्टची आठवण यावी असंच ते काम.

भीतीचं दुसरं कारण तुमच्या पेशातच आहे. कुठलीही गाडी अंगावर आली की चालकाची नजर पहिल्यांदा समोरच्या केबिनमध्ये जाते. कोण बसलाय, झोपलाय का, प्यालाय का, नवशिका आहे का. एकदा चेहरा दिसला की काय करायचं ते हात आपोआप ठरवतात. इथे चेहरा दिसतच नाही. दिसतो फक्त खिडकीतून बाहेर आलेला हात आणि पंपावर ट्रकखालून दिसणारे बूट. तो हात ‘जा पुढे’ अशी खूण करतो, मॅन ओव्हरटेक करायला निघतो आणि समोरून गाडी येते. रस्त्यावरचा सगळा व्यवहार ज्या एका खुणेवर चालतो, तीच खोटी निघाली. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त लागलं असेल.

मग तो हॉटेलातला प्रसंग. टँकर बाहेर उभा आहे म्हणजे चालक आत कुठेतरी जेवतोय. मॅनला चेहरा माहीत नाही, बूट माहीत आहेत. तो चोरून सगळ्यांचे पाय बघू लागतो. आणि तिथे बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या पायात तसलेच बूट! या प्रसंगाला खर्च किती आला असेल? एक खानावळ, सात-आठ माणसं आणि बूट. मी तो तुकडा अनेकदा थांबवून, मागे नेऊन पाहिला आहे. प्रत्येक वेळी मीही त्या रांगेतून बूटच शोधत असते.

माणूस दिसत नाही म्हणून ट्रकलाच चेहरा दिला आहे. दिग्दर्शकाने बरेच ट्रक बघून हा निवडला, कारण त्याचं लांब नाक, दोन भागांची पुढची काच आणि गोल दिवे बघून त्याला चेहरा दिसला. मग त्याला तेल, धूळ, मेलेले किडे असं सगळं फासून मळवला. पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा लावल्या. त्याबद्दल सिनेमात कुणी एक शब्द बोलत नाही. आधी किती गाड्या खाल्ल्या, ते बघणाऱ्याने मोजायचं.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. टँकर कड्यावरून कोसळतो. पाठीवर ‘ज्वालाग्राही’ अशी पाटी आहे, म्हणजे भडका उडणार असं कुणालाही वाटेल. वाहिनीलाही तोच हवा होता. दिग्दर्शक अडून बसला, निर्माता जॉर्ज एकस्टाइन त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि टँकर न पेटता सावकाश, धुळीच्या लोटात, लोळत खाली जातो. कॅरी लॉफ्टिन या स्टंटमनने ट्रक कड्याकडे हाकला आणि ऐन वेळी बाहेर उडी घेतली. पडताना एक गुरगुर ऐकू येते. तो इंजिनाचा आवाज नाही, एका जुन्या सिनेमातल्या डायनासोरची आरोळी आहे. याच दिग्दर्शकाने पुढे ‘जॉज’मधला शार्क बुडताना तीच परत वापरली. नातवाला हेडफोन लावून ऐकायला सांगा.

प्रश्न : ‘ड्युएल’चा दिग्दर्शक पुढे स्टीव्हन स्पीलबर्ग झाला म्हणून आपण त्याच्या सुरुवातीच्या कामावर पाणी सोडायला तयार नसतो. एखाद्या अनोळखी माणसाने तोच सिनेमा काढला असता तर तुम्ही दोन पानं लिहिली असती का? (प्राध्यापक, औरंगाबाद)

उत्तर : असती. कारण मी तो अनोळखी माणसाचा म्हणूनच पाहिला. 1985 च्या सुमाराला दादरला एका मैत्रिणीकडे व्हिडिओ कॅसेटवर बघितला. त्या कॅसेटच्या सुरुवातीवर तिच्या भावाने क्रिकेटची मॅच भरून ठेवली होती. श्रेयनामावली नाही, नाव नाही. मॅच संपली आणि थेट रस्ता सुरू झाला. आम्ही चौघी होतो, कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नाहीत आणि भात लागला. दिग्दर्शक कोण हे मला त्यानंतर वर्षभराने कळलं.

1971 साली अमेरिकेतल्या घराघरांतल्या प्रेक्षकांचीही वेगळी गत नव्हती. दिग्दर्शक 24 वर्षांचा, टीव्ही मालिकांचे भाग करणारा. लोकांना ओळखीचा होता तो नट डेनिस वीव्हर. गोष्ट आणि पटकथा रिचर्ड मॅथिसन यांची. 22 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे केनेडी यांची हत्या झाली त्या दिवशी, गोल्फ खेळून परतताना त्यांच्या गाडीमागे एक ट्रक असा लागला होता. बाकीचे लोक बातमीने हादरलेले असताना या माणसाच्या मनात तो ट्रकही कायमचा बसला. आठेक वर्षांनी त्याची कथा झाली. श्रेय द्यायचंच तर मी अर्धं त्यांना देईन.

युरोपात थिएटरांतून दाखवण्यासाठी पुढे आणखी प्रसंग चित्रित करून सिनेमा दीड तासाचा केला गेला. 1973 मध्ये फ्रान्समधल्या आव्होरियाझच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आज बहुतेक ठिकाणी ही लांब आवृत्तीच बघायला मिळते. माझं मत विचाराल तर वाढवलेल्या भागातलं बायकोला केलेल्या फोनचं संभाषण नको होतं. मॅनचा घरात वचक नाही, हे पेट्रोल पंपावरच एका वाक्यात कळलेलं असतं. अडकलेल्या शाळेच्या बसचा प्रसंग मात्र मी कापला नसता. मॅन बसला धक्का देऊ बघतो, त्याची गाडी अडकते, पोरं त्याला खिदळून हसतात. आणि मग तोच टँकर येऊन शांतपणे बसला ढकलून मार्गी लावतो. मुलांना तो मदत करणारा भला माणूस वाटणार. मॅनने कुणाला काय सांगावं?

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी ‘द इवोक ॲडव्हेंचर’ हा जुना टीव्ही-सिनेमा आठवड्यातून दोनदा बघते. तिचे बाबा म्हणतात, मुखवटे हलत नाहीत, राक्षस खोटा दिसतो, आजकालचे इतके सुंदर ॲनिमेशनपट सोडून हे काय? मुलगी म्हणते, ‘राक्षस खोटा आहे, पण जंगल खरं आहे ना.’ तिला काय सांगू? (एक आई, ठाणे)

उत्तर : तिला सांगा की तुझं बरोबर आहे. ज्या वाचकांनी हा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘स्टार वॉर्स’मधले इवोक, म्हणजे ते अस्वलाच्या पिल्लासारखे केसाळ, भाले घेतलेले बुटके जंगलवासी. त्यांच्या जंगलात एका कुटुंबाचं यान कोसळतं. आईबाबांना गोरॅक्स नावाचा महाकाय राक्षस पळवतो. मेस आणि सिंडेल ही भावंडं इवोकांच्या तांड्याबरोबर त्यांना सोडवायला निघतात. गोष्ट जॉर्ज लुकस यांची, दिग्दर्शन जॉन कॉर्टी यांचं, आणि एबीसीवर तो 25 नोव्हेंबर 1984 ला दाखवला गेला.

दोष आहेत आणि ते मी झाकणार नाही. मधला भाग रेंगाळतो. मेसचं काम करणारा मुलगा बऱ्याचदा पाठ केलेलं म्हणून दाखवतो. तिच्या बाबांचं मुखवट्याबद्दलचं निरीक्षणही बरोबर आहे. पण त्यांना एवढं करायला सांगा की पुढच्या वेळी विकेट नावाच्या इवोकचा फक्त मुखवटा नाही, सगळी मान बघा. वॉरविक डेव्हिस तेव्हा 14 वर्षांचा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीच बाहेर दिसणार नव्हतं. तो नवल वाटलं की डोकं एका बाजूला कलवतो, आणि ती लकब त्याने आपल्या कुत्र्याला बघून उचलली होती. आपल्याकडे दशावतारात किंवा बोहाड्यात मुखवटा घालून नाचणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. लाकूड हसत नाही, खांदे हसतात.

आता जंगलाबद्दल. ते उत्तर कॅलिफोर्नियातलं खरं जंगल आहे, उंच झाडांचं, ओलसर, खाली नेचे वाढलेलं. मुलांच्या बुटांना चिखल लागतो तो खरा. आणि जिथे जंगल संपून अवाढव्य कडे, गुहा, दूरचे डोंगर दिसतात, ते काचेवर रंगवलेलं आहे. ते कसं केलं हे तुमच्या मुलीला नक्की आवडेल. एरवी अशी जोडणी करायची तर चित्रित भाग आणि रंगवलेला भाग मिळून नवी कॉपी काढतात. त्यात पैसा जातो आणि कॉपीची कॉपी म्हणून चित्र थोडं मळतं. इथे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या लुकस यांच्याच दृश्य परिणाम करणाऱ्या कंपनीतल्या लोकांनी दुसरा मार्ग धरला. चित्रण करताना कॅमेऱ्यासमोरचा वरचा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा. मुलं आणि इवोक खालून चालत जातात, तेवढंच फिल्मवर उमटतं. वरचा भाग कोराच. ती फिल्म धुवायची नाही, डब्यात तशीच ठेवायची. मग चित्रकार बसून वरचा डोंगर रंगवणार. फिल्म परत गुंडाळून पुन्हा कॅमेऱ्यात, या वेळी खालचा भाग झाकून, वरती डोंगर. दोन्ही एकाच फिल्मवर.

दिवाळीत आमच्या वाड्याच्या दारात मी अर्धी रांगोळी काढायची आणि उरलेली अर्धी माझी चुलतबहीण संध्याकाळी कामावरून आल्यावर पुरी करायची. तिच्या ठिपक्यांची ओळ माझ्या ओळीला जुळली नाही तर पुसून परत काढता यायची. या लोकांना पुसायची सोय नव्हती. डोंगराची कड बोटभर सरकली असती तर मुलांचं चालणंही फुकट गेलं असतं. ज्या संध्याकाळी ती फिल्म धुवून आली असेल, त्या संध्याकाळी त्या खोलीत कुणी बोललं नसेल. या सिनेमाला दृश्य परिणामांसाठी एमी हे अमेरिकेतलं टीव्हीचं पारितोषिक मिळालं आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

आणखी एक. इवोक त्यांच्या बोलीत बोलतात आणि गोष्ट पुढे नेतो तो बर्ल आइव्ज यांच्या आवाजातला निवेदक. म्हणजे भावंडांनाही बराच वेळ समोरच्याचं बोलणं कळत नसतं. इंग्रजी अजून नीट न कळणारी तुमची लेक त्या भावंडांच्या बरोबरीने चाललेली आहे. शब्द न कळता माणूस ओळखायचा, हेच ती मुलंही करतात. तांड्यातला लाकूडतोड्या मरतो तेव्हा तिला रडू आलं का, ते मला कळवा. मला आलं होतं, आणि मी तेव्हा चांगली मोठी बाई होते.

प्रश्न : आम्ही पाच मित्र. एक कॅमेरा, दोन मोटारसायकली आणि जमवलेले चाळीस हजार रुपये आहेत. त्र्यंबकच्या बाजूच्या डोंगरात बिबट्यावर चाळीस मिनिटांचा साहसपट करायचा आहे. बिबट्या कॉम्प्युटरवर करावा लागेल, त्याचेच पैसे पुरत नाहीत. काय करू? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : बिबट्या करू नकोस.

1988 मध्ये मी एका टेलिफिल्मचं संकलन केलं. गोष्टीत बिबट्या होता. निर्मात्याने शेवटपर्यंत आशा दाखवली की पाळीव बिबट्या मिळेल, मग म्हणाला चित्रपटांचे जुने तुकडे मिळतील, आणि शेवटी काहीच मिळालं नाही. रीळं माझ्या टेबलावर आली तेव्हा बिबट्याच्या जागी काही नव्हतं. सोळा मिलिमीटरची फिल्म, स्टीनबेक कंपनीचं एडिटिंग टेबल, आणि दिग्दर्शक खुर्चीत डोकं धरून बसलेला. आम्ही होतं नव्हतं ते सगळं परत बघितलं. एका रिळाच्या शेवटी, कॅमेरा बंद करायला उशीर झाल्यामुळे आलेला एक तुकडा होता. शेळ्यांचा गोठा, दाराला दोरीने बांधलेली फळी, आणि एक शेळी चघळता चघळता थांबून फळीकडे बघते. का थांबली कुणास ठाऊक, बहुतेक युनिटमधलं कुणीतरी पलीकडून गेलं असेल. सतरा सेकंद.

आम्ही तो तुकडा घेतला. आधी गोठ्यातला सगळा आवाज ठेवला, घंटा, चघळणं, कोकराचं ओरडणं. शेळीने मान वर केली त्या क्षणी घंटा बंद केली. दोन सेकंदांनी बाकीचं. मग फळीचा जवळून घेतलेला एक जुना शॉट, नुसती दोरी. दोरीला काही होत नाही. त्यानंतर थेट सकाळ आणि उघडं दार. पहिल्यांदा दाखवली तेव्हा ऑफिसातला चहावाला मुलगा दारात उभा राहून बघत होता, तो ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. मला बाकी कुणाचं मत विचारावंसं वाटलं नाही.

तेव्हा तुझ्या चाळीस हजारांतले पैसे आधी आवाजावर घाल. चांगला माइक भाड्याने आण आणि एक अख्खी रात्र फक्त आवाज भरून घे. रातकिडे, वारा, लांबचा कुत्रा, गोठा. हे आवाज थांबले की काय होतं ते तुझ्या गोष्टीत लागणार आहे, आणि थांबायला ते आधी असावे लागतात. दुसरं, सगळी जागा पायी फिरून एका लांब कागदावर काढ. कुठली वाट कुठे उतरते, सकाळी ऊन कुठल्या बाजूला असतं, दुपारी सावली कुठे जाते. प्रत्येक प्रसंग त्या कागदावर ठेव. पाच जणांना एक दिवस फुकट गेला तर काय होतं ते तुला कळेलच, म्हणून तो घरीच वाचव. वनखात्याची परवानगी लागते तिथे ती आधीच काढा, आणि पावसाळ्यात त्या कातळांवर मोटारसायकलवरचे प्रसंग करू नका. हे मी आजीच्या काळजीने सांगते आहे.

आणि तुझ्या गोष्टीतला तो होज पाइप कुठला, ते मला लिहून कळव. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी सहज दाखवलेली, सगळ्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलेली एखादी वस्तू. टॉर्चचे सेल, मोटारसायकलची सैल चेन, गोठ्याची झिजलेली दोरी. ती ठरली नसेल तर अजून कॅमेरा काढू नकोस. ठरली असेल तर पटकथा मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी वाचेन आणि पेन्सिलने खुणा करून परत पाठवेन.